के. डी. वाईट का झाला

निकिताच्या सिनेमातला खलनायक काळं जॅकेट घालतो. एप्रिलमध्ये. नाशिकच्या उन्हात, द्वारकेच्या सिग्नलला, मोटरसायकलवर बसून. मी म्हणालो, "अगं, त्याला उकडत नाही का?"

"तात्या, तो डार्क आहे."

"दोन सिग्नल थांबला की होईलच."

ती हसली नाही. हसण्यासारखे तिचे दिवस नव्हते. निकिता माझ्या धाकट्या भावाची, जीवनची मुलगी. गाव बारा किलोमीटरवर, पण रोजची ये-जा नको म्हणून कॉलेजची तीन वर्षं आमच्या इंदिरानगरच्या घरी राहिली. शिकते सिनेमा. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक लघुपट लिहायचा, पण कॅमेरा मिळणार वर्गातल्या आठांपैकी पाचांना. उरलेल्या तिघांनी दुसऱ्याच्या सिनेमात दिवे धरायचे. निकिताची गोष्ट दोनदा परत आली होती. प्रतिभा मॅडमनी दोन्ही वेळा लाल पेनाने एकच शेरा मारला होता: खलनायक पटत नाही. तिसरं वाचन सोमवारी होतं, आणि ते शेवटचं.

शनिवारी दुपारी ती आणि तिचा जोडीदार समर्थ आमच्या हॉलमध्ये कागद पसरून बसले. समर्थ कॅमेरा धरणार होता. त्याने केसांचा अंबाडा बांधलेला, माझ्या बायकोपेक्षा नीट. माझी बायको सुवर्णा पलीकडे गवार मोडत होती. मी टाळांच्या दोऱ्या बदलत बसलो होतो, म्हणजे ऐकत होतो.

खलनायकाचं नाव के. डी. तो शाळेची बस पळवतो. का पळवतो, तर त्याचं लहानपण वाईट गेलं. किती वाईट, ते समर्थने वाचून दाखवलं. बाप दारू पितो आणि पट्ट्याने मारतो. आई खोकून मरते. सावत्र आई येते, ती चिमट्याने डागते. के. डी. एक कुत्र्याचं पिल्लू पाळतो, बाप ते विहिरीत टाकतो. शाळेत पोरं चिडवतात. मास्तर कोंडून ठेवतो. मग आग लागते.

"कशाला?" मी विचारलं.

"काय कशाला?"

"आग कशाला लागते?"

समर्थ म्हणाला, "काका, ते ट्रॉमाचं प्रतीक आहे."

"आणि एवढं सगळं होईपर्यंत हा बारावी कधी झाला? पुढे तर बसच्या इंजिनात वायर जोडून स्फोट करतो. आमच्या गावात एवढा मार खाल्लेली तीन पोरं होती. एक कंडक्टर आहे, दोघं द्राक्षबागेत कामाला जातात. बस पळवायला वेळ लागतो बाबा, सवड लागते."

सुवर्णा गवारीत तोंड खुपसून हसली. निकिताने कागद उलटा ठेवला. "मग तुम्हीच सांगा ना तात्या. नुसती टिंगल कोणीही करेल."

आता हे तिने मला विचारायला नको होतं. चाळीस वर्षं मी कीर्तनात टाळकऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो आहे. दुष्ट माणूस कसा उभा करायचा हे ह्या पोरांनी लॅपटॉपवर शिकावं, आणि आमचे खंडेरावबुवा हयात असताना, ह्याचं मला मनापासून हसू येत होतं.

"बुवा दैत्याची कथा लावतात ना," मी म्हणालो, "तेव्हा पहिला अर्धा तास त्याचं एक वाईट कृत्य सांगत नाहीत. त्याचं तप सांगतात. एका पायावर उभा आहे. ऊन आहे, पाऊस आहे, अंगावर वारूळ चढलंय, तरी नाम सुटत नाही. मृदंग इतका हळू होतो की माणूस श्वास धरतो. एकदा माझ्या शेजारचा भाजीवाला मोठ्याने ओरडला, 'अहो, द्या ना त्याला वर!' सगळा मंडप हसला. बुवा थांबले. म्हणाले, 'माउली, वर तुम्ही दिलात बरं का. आता तो तुमच्याच घरात शिरला तर माझ्याकडे येऊ नका.' कळलं? वाईट माणसाला आधी चांगलं काम करताना पकडायचं. त्याला चांगलं करताना कुणी दुखावलं, तर मी ऐकेन. तुमचा के. डी. नुसताच मार खातो. मार तर गाढवही खातं."

निकिताने वही उघडली. "उदाहरण सांगा. खरं."

आणि मी, बोलायच्या तोऱ्यात, गोटीरामचं नाव घेतलं.

गोटीराम आमच्या गावातला, निकिताला लांबूनच माहीत. गुलाबाची शेती. गावात वाईट माणूस कोण विचारलं तर आजही लहान पोर त्याच्या मळ्याकडे बोट दाखवेल. देवळाकडे जाणारी पायवाट त्याच्या शेतातून जायची, ती त्याने काटेरी तार ओढून बंद केली. पालखी आता ओढ्यातून वळसा घालते. सप्ताहाच्या भोंग्याविरुद्ध अर्ज दिला तो त्यानेच. सव्वीस वर्षांत देवळाची पायरी चढला नाही. "आणि हाच माणूस," मी म्हणालो, "एकेकाळी गावातला सगळ्यात सच्चा वीणेकरी होता."

समर्थला वीणेकरी समजावून सांगावा लागला. सप्ताह म्हणजे सात दिवस अखंड नाम. त्या सात दिवसांत वीणा जमिनीला टेकवायची नाही. ती कुणाच्या तरी गळ्यात हवी, आणि तो माणूस उभा हवा, मुखात नाम हवं. दोन-दोन तासांचे पहारे वाटून दिलेले असतात. पुढचा माणूस येतो, पाया पडतो, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. मध्ये बोलायचं नाही, हाक मारायची नाही.

"त्या वर्षी चैत्रात गोटीरामचा पहारा दुपारी बारा ते दोन होता," मी सांगितलं. "दोनला पुढचा माणूस यायचा, तो आलाच नाही. तीन वाजले, चार वाजले. गोटीराम उभाच. देवळात दोन म्हातारे, तेही पेंगत. पाचनंतर बायका भजनाला आल्या, तेव्हा त्याच्या पायाखाली थारोळं होतं. धोतरात झालं होतं त्याला. वीणा मात्र खाली ठेवली नव्हती."

 समर्थने अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि पुन्हा खोचली.

"मग?" निकिता हळूच म्हणाली.

"मग काय. एक बाई हसली, मग सगळ्या हसल्या. देऊळ गोमूत्राने धुतलं. विटाळ झाला म्हणून कमिटीने त्याला शेवटी, काल्याच्या दिवशी, दिंडीत वीणा दिली नाही. पोरांनी 'ओला गोटीराम' नाव पाडलं. झाला तुमचा खलनायक. पट्टा नाही, पिल्लू नाही, आग नाही."

निकिता भराभर लिहीत होती. तिचा चेहरा महिन्यात पहिल्यांदा मोकळा दिसला. मला माझं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ती लिहायची थांबली.

"पण तो दुसरा माणूस का नाही आला?"

"त्याच्या विहिरीवरची मोटर जळाली होती. अडकला बिचारा."

"तीन तास?"

"तीन तास दहा मिनिटं."

"मग देवळात इतर कोणीच आलं नाही? मंडपात स्वयंपाक चालला असेल. माणसं असतील. एकाने तरी डोकावून बघितलं असतं, दुसऱ्याला उभं केलं असतं." तिने पेनाचं टोक कागदावर आपटलं. "तात्या, हे पटत नाही."

"घडलेलं आहे ते! तुझ्या पटण्यावर का घडलं?"

"मॅडम पहिला प्रश्न हाच विचारतील. तो का आला नाही."

"सांग मोटर जळाली."

"कोणाची जळाली?" सुवर्णाने विचारलं. गवारीच्या परातीवरून ती थेट माझ्याकडे बघत होती. "त्या चैत्रात? आपली तर नवी बसवली होती हो. माझ्या माहेरच्यांनी पाडव्याला नारळ फोडला तिच्यापुढे."

पोरांना कळायला एक क्षण गेला. मग निकिताने पेन खाली ठेवलं. "तात्या, दोनचा पहारा तुमचा होता?"

मी टाळ उचलून बाजूला ठेवले. ते वाजले, नको तेव्हा.

मला उठून गच्चीवर जाता आलं असतं. फुलझाडांना पाणी घालायचं राहिलंय म्हणता आलं असतं. पण ती पोर माझ्याकडे बघत होती, आणि सोमवार दोन दिवसांवर होता. अर्धी गोष्ट मीच तिच्या पदरात टाकली होती, आणि अर्ध्या गोष्टीवर तिला उद्या कुणाच्या तरी सिनेमात दिवे धरायला लागले असते.

"माझा होता," मी म्हणालो. "चार वर्षं काल्याच्या दिंडीत वीणा माझ्या गळ्यात होती. त्या वर्षी कमिटीने गोटीरामचं नाव घेतलं. का, तर त्याचं नाम सुटत नाही म्हणे. नाम सुटत नाही! आदल्या संध्याकाळी ठरलं. दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी मंडपामागे, आचाऱ्याच्या छपराच्या सावलीत बसलो होतो. तिथून देवळाचं दार दिसतं. मी बसून राहिलो. म्हटलं, बघू किती भक्ती आहे. दोघा-तिघांनी विचारलं, अरे कारभारी, पहाऱ्याला नाही गेलास? त्यांना सांगितलं, गोटीरामने आज दोन पहारे मागून घेतलेत, त्यालाच हौस आहे, मध्ये कोणी जाऊ नका."

"आणि तो तुम्हाला दिसत होता?"

"पाठ दिसत होती. एकदा पाय बदलला त्याने, चारच्या सुमाराला."

निकिताने ते लिहून घेतलं. माझ्यासमोर, शब्द न् शब्द. सुवर्णा परात घेऊन स्वयंपाकघरात गेली. रात्री जेवताना तिने मला वाढलं, पण काय हवं ते विचारलं नाही.

सोमवारी संध्याकाळी निकिता परत आली ती चप्पल न काढताच माझ्यासमोर उभी राहिली. गोष्ट मंजूर झाली होती. मॅडमनी ऐकून कागद दोन वेळा वाचला. शेरा नव्हता, पण एक अट होती. माणूस हयात आहे, तेव्हा त्याची लेखी संमती शुक्रवारपर्यंत आणायची. नाही आणली तर तिचा कॅमेरा सहाव्या नंबरच्या मुलाला.

"मी एकटी जाऊ शकते," ती म्हणाली. विचारलं नव्हतं तिने, पण थांबली होती.

बुधवारी सकाळी मी तिच्या स्कूटरवर मागे बसून गावी गेलो. काटेरी तारेला गोटीरामने स्वतःसाठी एक फाटक ठेवलं आहे. निकिताने ते उघडलं. पडवीत तो खाली गोणपाटावर बसून गुलाबाच्या काड्यांच्या रबर लावून गड्ड्या बांधत होता. सत्तरी ओलांडलेला, पण बोटं सुतारासारखी चालत होती. मला बघून ती थांबली नाहीत.

"ही कोण?"

"जीवनची मुलगी, बाबा. निकिता."

"बस बाय. साळूबाई, पाणी आण गं, जीवनची पोर आलीय."

ती बसली. मला कोणी काही म्हणालं नाही, म्हणून मी खांबापाशी उभा राहिलो. त्याची बायको साळूबाई पाण्याचा एकच तांब्या घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

निकिताने सगळं सांगितलं. सिनेमा, मॅडम, शुक्रवार. मग म्हणाली, आधी ऐका आणि मग सही करायची का ते ठरवा. तिने प्रसंग वाचायला घेतला. दोन वाजले, तीन वाजले. गोटीराम काड्या बांधत होता. ओल्या धोतराचं आलं तेव्हाही बांधत होता. 'त्यालाच हौस आहे, मध्ये कोणी जाऊ नका' हे वाक्य आलं आणि रबर त्याच्या बोटातून सुटून अंगणात जाऊन पडलं.

"हे तू रचलं?" त्याने निकिताला विचारलं.

"नाही बाबा. तात्यांनी सांगितलं."

त्याने हातातली अर्धी गड्डी खाली ठेवली. "मला वाटलं, याची मोटर जळाली," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी मी माझी मोटर ट्रॉलीत घालून याच्या विहिरीवर नेली व्हती. म्हणलं, चैताचं ऊन हाय, याचा झेंडू वाळून जाईल. हा म्हणला, झाली दुरुस्त, ने माघारी."

हे मी विसरलो होतो. देवाशपथ विसरलो होतो. मोटर घेऊन आलेला गोटीराम माझ्या डोक्यातून पार गेला आणि तार ओढणारा तेवढा सव्वीस वर्षं जसाच्या तसा राहिला.

निकिताचा आवाज लहान झाला. "मग तुम्ही... म्हणजे त्यानंतर तुम्ही वाट बंद केली, भोंग्याचा अर्ज..."

"वाट?" गोटीराम पहिल्यांदा हसला, पण ते हसू तोंडातच राहिलं. "मोजणी झाली तवा वाट माझ्या गटात निघाली. पालखीला शंभर माणूस, कलमं तुडवायचं. ओढ्याकडून चांगली रुंद जागा हाय, तिकडून जा म्हणलं. आन् भोंगा लावायचे माझ्या सासूच्या खोलीम्होरं, तिचं डोकं फुटायचं. त्याचा नी याचा काय संबंध?"

"पण गाव म्हणतं..."

"गाव काय म्हणतं? मी वाईट हाय म्हणतं?" त्याने आता माझ्याकडे बघितलं. "कोन सांगत फिरतं ते?"

मी टाळकरी आहे, कीर्तनानंतर चार माणसं माझ्याभोवती बसतात. गोटीरामची गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल, त्याचा हिशेब माझ्यापाशी नाही.

निकिताने कागद मिटला. तिची सगळी गोष्टच कोसळली होती. दुखावला गेला म्हणून वाईट झाला, हे तिने लिहिलं होतं, आणि हा माणूस दुखावला गेला होता, पण वाईट काही झाला नव्हता. "बाबा, मी हे घेत नाही," ती म्हणाली. "सही नको. दुसरं काहीतरी लिहीन."

"सुक्रवारपातुर?"

तिने बोटांवर दिवस मोजले, दोनच भरले.

"तुझ्या त्या गड्याला कर काय करायचं ते. बस पळवू दे न्हायतर इमान पळवू दे. पण हे उभं राहायचं हाय ना, ते ठेव." त्याने अंगणातलं रबर उचलायला हात लांब केला, पोचला नाही, तसाच राहू दिला. "किती येळ दाखवणार ते?"

"दीड मिनिट. मग कट."

"कट म्हंजी?"

"म्हणजे एकदम बायका येतानाच दाखवायचं. मधलं सोडून."

"मधलं सोडून! मी पाच तास उभा व्हतो आन् तुझी माणसं दीड मिनिटात मोकळी? मधलंच तर हाय ते."

"सिनेमाच अठरा मिनिटांचा आहे बाबा."

"त्यातली पाच दे. कापायचं न्हाय. नुसता उभा हाय म्हाणूस, दाखव. खुर्चीत बूड खाजलं पायजे लोकांचं."

"मॅडम म्हणतील लांबलं."

"तिलाबी उभी कर."

निकिता रडत होती का हसत होती, मला खांबापासून नीट कळलं नाही. तिने कागदाच्या समासात लिहिलं आणि वही त्याच्यापुढे धरली. गोटीरामने हात लुंगीला पुसले आणि सावकाश, पूर्ण नावाने सही केली.

मी पुढे झालो. "गोटीराम," मी म्हणालो, "माझं..."

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तू आता माफी मागशील. मग रडशील. मग तिकडं जाऊन मंडळीत सांगशील, मी गोटीरामच्या पाया पडलो, मन कसं हलकं झालं. चार जण तुला म्हणतील, काय मोठा म्हाणूस. नको. ती तुझ्यापाशीच ठेव."

मी मागे सरलो, पुन्हा खांबापाशी. त्याने पेन निकिताच्या हातात दिलं.

"आन् पाच म्हंजी पाच," तो तिला म्हणाला. "मी येनार हाय बघायला, घड्याळ घिऊन."